गाडी माझी, रंग सगुणाचा

आष्टी, ता. परतूर
८ मे २०२४

वामन्या,

रामराम. पेटी उद्या रामप्रसादसंगं पाठवून राह्यलो. तू ठेसनावर येऊ नको, गुडघा सांभाळ, पोरगं रिक्षा करून घरी येईल. पेटीवर बसू नको म्हणून त्याला दम देल्ला हाये. मागच्या साली पेटीवर बसूनच जालन्यापर्यंत घोरत गेल्ता.

यादी वरच ठेवलीय. चौसष्ट बुकं. मोजून घे अन् दरसालसारखं उलट टपाली कळव. फोन करू नको. तब्येत, पाऊस, कोणाचं लगीन, कोण वारलं, त्याला फोन हाये. पत्रानं आल्याली चीज पत्रातच बोलायची, हे आपलं ठरल्यालं. पावसाळा तुझ्या तिसऱ्या मजल्यावर, कोरडे दिवस माझ्याकडं, हे बी ठरल्यालं. अक्षयतृतीयेला गेलेली पेटी दसऱ्याला माघारी आली पाह्यजे.

पेटी बांधता बांधता रामप्रसाद विचारत व्हता, "बाबा, आपल्या दारात ट्रॅक्टरबिगर चार चाकं आली न्हाईत, अन् पेटीत रोल्स रॉइस कशी?" बेचाळीस वर्सांचा झाला, आता विचारून राह्यला! मंग सांगितलं. म्हणलं, परतूरच्या हायस्कुलात मी अन् तुझा वामनकाका एका बाकावर. त्याचे वडील जिनिंगमध्ये कारकून. यानं तिथून कोरे लेटरहेड उचलायचे अन् झोकात इंग्रजी लिहायची, का आष्टीचे जमीनदार श्रीयुत बद्रीनाथ एक मोटार खरेदी करू इच्छितात, तरी सचित्र माहिती पाठवावी. खाली सही माझी. इंग्रजी त्याची, नाव माझं, तिकिटाचा खर्चा माझ्या कपाशीचा. जमीनदार कसला, बापाची बारा एकर कोरडवाहू अन् त्यात चार भाऊ! पण विलायतेला काय माहीत? दोन महिन्यांनी पोस्टमन सायकलवर जाडजूड पाकीट घेऊन यायचा अन् सगळी गल्ली गोळा व्हायची. जग्वार आली, मर्सिडीज आली, कॅडिलॅक आली, सगळ्या आष्टीला येऊन गेल्या.

पोरगं लय हसलं. मंग म्हणलं, "पण बाबा, गाडी तर एक बी आली न्हाई." म्हणलं, येड्या, गाडी आली असती तर कवाच भंगारात गेली असती. बुक आजून तसंच हाये. उघडलं का तेच तळं, तेच झाड, हातमोजे घातलेली तीच बाई दार उघडून उभी. ती आजून म्हातारी झाली न्हाई. आपण झालो.

आता दरसालचं सांगणं. सगुणाच्या खुणा सांभाळ. तुला माहीत हाये तरी सांगतो. त्र्याहत्तरात तिला घरात आणलं तवा मी रोज सकाळी एक बुक काढायचो. मागच्या पानावर गाडीच्या रंगांचे चौकोन असत्यात. मी म्हणायचो, गाडी माझी, रंग तुझा. तिला वाचता येत नव्हतं. कपाळाला मेण लावून वर कुंकू लावायची अन् तेच बोट तिला आवडंल त्या चौकोनावर टेकवायची. पांढरा कधी घेतला न्हाई, धुरळ्यात मळंल म्हणायची. हिरव्यावर लय जीव. म्हणायची, हिरवी घ्या, पिकात उभी केली तर कोणाला दिसायची न्हाई, नजर लागायची न्हाई. चौसष्टातल्या एकेचाळीस बुकांवर तिचं बोट हाये. तिला जाऊन आठ वर्सं झाली. तिचं म्हणून हाताला लागंल असं माझ्यापाशी तेवढंच राह्यलंय.

मला आता लय कमी दिसून राह्यलं. मोतीबिंदू पिकला म्हणत्यात. झाड कोणतं अन् गाडी कोणती, कळत न्हाई, हे पत्र बी रामप्रसादच्या लेकीनं लिहून देलं. तू बघ माझ्या वाटणीचं.

तुझा,
बद्री


छत्रपती संभाजीनगर
२१ मे २०२४

प्रिय बद्री,

पेटी पोचली. चौसष्ट मोजली, बरोबर आहेत. रामप्रसाद जेवून गेला. ताराने त्याला आमरसाच्या चार वाट्या रिचवायला लावल्या, पाचवीला त्याने हात जोडले.

पेटी उघडली आणि घरात एक नवल घडलं. आमचा ऋषी माझ्याजवळ येऊन बसला. तुला हसू येईल, पण तुझं घर वेगळं. इथे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला म्हातारा म्हणजे हॉलमधलं स्टूल. अडचण होत नाही तोवर कुणाचं लक्ष नसतं. नातू सत्तावीस वर्षांचा झाला, तीन वर्षांत माझ्याशी तीन वाक्यं बोलला असेल. त्या दिवशी दोन तास बसला. रोल्स रॉइसच्या सिल्व्हर शॅडोचं ब्रोशर उघडलं तेव्हा म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे हे असं काही आहे आणि तुम्ही बोलला नाहीत?" बद्री, खरं सांगतो, मी सगळी पेटीच त्याच्यापुढे मांडली.

तो दोन मित्रांबरोबर कॅफे काढतो आहे. नाव 'बॉनेट'. गाड्यांची हौस असलेली मुलं तिथे येतील म्हणे. त्याला सगळ्या पानांचे चांगले फोटो काढून ठेवायचे आहेत. म्हणतो, कागद आज ना उद्या जाणारच, फोटो राहतील. मला पटलं. तुझी हरकत नसावी.

डोळ्यांची हेळसांड करू नकोस.

तुझा,
वामन


आष्टी
३० जून २०२४

वामन्या,

पत्र मिळालं. पेरणीच्या गडबडीत उत्तर लांबलं. सोयाबीन उगवून आलं.

फोटो काढू दे. नातू जवळ येऊन बसला हे बेस झालं. पण दोन गोष्टी त्याला बजावून सांग. बुकं घराबाहेर जायची न्हाईत. पन्नास वर्सांत तुझ्या घरातून माझ्या घरात अन् माझ्या घरातून तुझ्या घरात, येवढाच त्यांचा परवास झालाय. दुसरं, रंगाच्या पानावर वजन ठेवायचं न्हाई, अन् गरम दिव्याखाली बिलकुल धरायचं न्हाई. मेण हाये ते. इतकी वर्सं टिकलं, एका दिव्यानं जाईल.

तुला आठवतं का, परतूरला एकदा कॅडिलॅकवाल्यांचं पत्र आल्तं का साहेबांना गाडी दाखवायला आमचा माणूस मुंबईहून कवा पाठवू? तुझी तर पाचावर धारण बसली! दोघांनी मिळून उत्तर लिहिलं, का जमीनदारसाहेब तीर्थयात्रेला गेलेत, सवडीनं कळवू. ते बुक काढून ठेव. दसऱ्याला तुझ्या हातच्या दोन वळी लिहून त्यात घाल.

तुझा,
बद्री


छत्रपती संभाजीनगर
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय बद्री,

उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. गणपतीत ऋषीचा कॅफे सुरू झाला, त्या धावपळीत होतो. चांगली गर्दी आहे. मलाही रोज संध्याकाळी नेतात, खुर्ची देतात, माणसं ओळख करून घेतात. ह्या वयात हे बरं वाटतं.

पेटी वेळेवर येईल, काळजी नसावी. बाकी सर्व ठीक.

वामन


आष्टी
२५ सप्टेंबर २०२४

वामन्या,

येवढुसं पत्र? पाटबंधाऱ्याची नोटीस आल्यासारखं वाटलं! माणसं ओळख करून घेतात म्हणजे आता आम्हाला चिठ्ठी पाठवून भेटावं लागंल तुला.

तुला एक गंमत सांगायची हाये, पण आता न्हाई. पेटी आली का सांगीन. दसऱ्याला सकाळी सोनं लुटायच्या आधी पेटी उघडतो, तसं सगुणाच्या फोटोफुडं कबूल करून ठेवलंय.

जल्दी कर. वाट बघून राह्यलो.

बद्री


छत्रपती संभाजीनगर
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय बद्री,

पेटी परतूरकडे येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवत आहे. रामप्रसादला स्टेशनवर उतरवून घ्यायला सांग. चौसष्ट आहेत, यादी वर ठेवली आहे.

एक सांगून ठेवतो. यंदा पाऊस फार झाला, वाळवी लागेल म्हणून सगळी ब्रोशर्स काढून, झटकून, नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातली आहेत. त्यामुळे कागदाचा वास बदलल्यासारखा वाटेल. हाताला थोडा गुळगुळीतही लागेल. तू पाकिटातून काढूच नकोस खरं तर. तुला नीट दिसत नाही, उगाच पान फाटायचं. आहेत एवढं समाधान ठेवायचं आता आपल्या वयात.

दसऱ्याच्या शुभेच्छा.

वामन


आष्टी
१५ ऑक्टोबर २०२४

वामन,

पेटी आली. यादी बराबर. चौसष्ट हाएत. अन् त्यात आपलं एक बी न्हाई.

गंमत सांगायची व्हती ना, ऐक. पाच सप्टेंबरला जालन्याला जाऊन मी दोन्हीतल्या एका डोळ्याचं आपरेशन करून घेतलं. कोणाला सांगू देलं न्हाई. पट्टी सुटली तवा रामप्रसाद म्हणला, बाबा, मोबाइलवर काही बघता का? म्हणलं, काही न्हाई. आधी दसऱ्याला पेटी उघडीन अन् सगुणाचा हिरवा बघीन, मंग बाकीचं जग. सव्वा महिना तेवढ्यासाठी दम धरला.

दसऱ्याला आंघोळ करून पेटी उघडली. जग्वारचं बुक काढलं, मागचं पान उघडलं. हिरव्या चौकोनावर लाल खूण बराबर जागच्या जागी. दिसली, वामन, लख्ख दिसली! वरून बोट फिरवलं. सपाट. बोटाला ना मेण लागलं ना कुंकू. म्हणलं, आपलंच बोट राठ झालं असंल. रामप्रसादच्या लेकीचं बोट धरून फिरवलं. ती म्हणली, आजोबा, इथं तर काहीच लागत न्हाई.

मंग एकेक काढत बसलो. जुन्या टाचणीचा गंज बी छापल्याला. सिल्व्हर शॅडोच्या पानावर माझ्या हातून चहा सांडल्ता, तो बी छापल्याला. कॅडिलॅकची घडी इतक्या बारी उघडून फाटत आल्ती, तर फाटक्या जागेचं चित्र हाये अन् कागद कोरा करकरीत. लय मन लावून काम केलंय. आंधळ्याला फसवायला येवढी मेहनत कशाला घेतली?

माझी बुकं कुठं हाएत?

बद्रीनाथ


छत्रपती संभाजीनगर
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय बद्री,

तुझं पत्र वाचून धक्काच बसला. ऑपरेशन झालं हे ऐकून मात्र आनंद झाला.

अरे, डोळ्यात नवं भिंग बसवलं की सगळंच नवं आणि चकचकीत दिसतं. आमच्या शेजारच्या जोशीकाकांना स्वतःची बायको ओळखू येईना दोन दिवस. डॉक्टरांना विचार. मेणाचं म्हणशील तर यंदाचा मे महिना कसा होता तुला माहीत आहे, विरघळून कागदात मुरलं असेल. प्लॅस्टिकमुळे पानांना चकाकी येते. पन्नास वर्षांची मैत्री आणि तू असं लिहावंस? माझी झोप उडाली.

थोडे दिवस जाऊ दे. डोळा स्थिरावला की पुन्हा बघ.

तुझा,
वामन


आष्टी
७ नोव्हेंबर २०२४

वामन,

डोळा स्थिरावला.

तुझं पत्र आलं तवा मला वाटलं, खरंच माझं चुकलं. दोन दिवस जेवण गेलं न्हाई, का आपण आपल्या दोस्तावर असा आळ घेतला. डॉक्टरला बी विचारून आलो. तो हसला. म्हणला, बाबा, भिंगानं मेण कसं काय पुसंल?

मंग आठवलं, तू कॅफेत रोज खुर्चीवर बसतोस. दैवशाला जालन्याहून भाऊबीजेला आल्ती, तिला म्हणलं, लेकी, जाताना संभाजीनगराला जा अन् बॉनेट म्हणून एक हॉटेल हाये तिथं चहा पिऊन ये. बापाचं येवढं काम कर. ती गेली. तू तवा आला नव्हता. तिनं फोटो पाठवले. आता मला मोबाइलवर बघायचं काम लागलं.

भिंतभर आपली बुकं. काचंत. पानं सुटी करून लावल्याली. एका बाजूला पाकिटं बी लावल्यात, माझ्या नावाची. अन् मधी पाटी. दैवशालेनं ती वाचून दाखवली, मंग मी माझ्या डोळ्यानं वाचली, मंग रामप्रसादला वाचाय लावली. "माझे आजोबा वामनराव यांनी तरुणपणी मराठवाड्यातून जगभर पत्रं लिहून जमवलेला संग्रह. पाकिटांवरचं नाव त्यांच्या गावाकडच्या गड्याचं आहे, टपाल तो आणून देत असे."

गडी.

वामन्या, मी तुझा गडी? कोण्या साली ठेवल्तंस मला, किती सालानं? तुझ्या बापाची नोकरी लेटरहेडपायी जायला आली तवा जिनिंगच्या मालकाफुडं उभं राहून "मीच चोरले" म्हणणारा कोण व्हता? मार कोणी खाल्ला? ते तुझ्या नातवाच्या पाटीवर मावलं न्हाई का?

नातवाची चूक न्हाई. त्याला जे सांगितलं ते त्यानं लिहिलं. सांगणारा तू.

बुकं पाठव. बाकी मला काही ऐकायचं न्हाई.

बद्रीनाथ


छत्रपती संभाजीनगर
१९ नोव्हेंबर २०२४

बद्री,

तू ऐकणार नाहीस, तरी लिहितो.

सगळं खरं आहे. ऋषीने फोटो काढले, मग म्हणाला, आजोबा, फोटोला काय अर्थ, लोकांना खरं बघायला आवडेल. मी नाही म्हणालो. पण तो पुन्हा पुन्हा येऊन बसायला लागला. मला त्याचं ते येऊन बसणं सोडवेना. तू समजून घे, घरात मला कुणी काही विचारत नव्हतं आणि एकदम सगळे विचारायला लागले. नक्कल छापायची कल्पना माझी. वाटलं, तुला आता नीट दिसत नाही, तू पेटी उघडशील, हात फिरवशील, तुझं समाधान होईल. कुणाचंच काही बिघडणार नाही.

गड्याचं असं झालं की एकाने पाकिटावरचं नाव वाचून विचारलं, हे बद्रीनाथ कोण? तोवर सगळं मीच केल्यासारखं सांगून झालं होतं. तोंडातून ते निघून गेलं. ऋषीने लगेच पाटीवर घातलं. मी काढायला सांगणार होतो. रोज सांगणार होतो.

फ्रेम उतरवून सगळी ब्रोशर्स एका नव्या पेटीत भरली आहेत. ऋषी माझ्याशी बोलत नाही. पेटी माणसाबरोबर पाठवतो आहे.

एक गोष्ट मला सांगायलाच हवी. फ्रेमवाल्याने लावण्याआधी पानं स्वच्छ केली. त्याने काही ठिकाणचे डाग खरवडून पुसले, त्यात त्या खुणाही गेल्या. मला फार नंतर कळलं. कुंकवाचं त्या गडबडीत माझ्या लक्षातच राहिलं नाही. ह्याबद्दल मी तुझे पाय धरतो.

वामन


(पेटीत, यादीच्या खाली ठेवलेली चिठ्ठी)

बद्रीनाथ भाऊजी,

हे पत्र मी ह्यांना न सांगता ठेवते आहे.

ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला दाखवलं. कुंकवाचं लक्षात राहिलं नाही, असं लिहिलंय. ते खरं नाही. फ्रेमवाला पानं न्यायला घरी आला होता. ऋषी म्हणाला, हे लाल ठिपके काढून टाका, गिऱ्हाइकांना सॉसचे डाग वाटतील. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हटलं, अरे, ते डाग नाहीत, त्या सगुणावहिनींच्या खुणा आहेत, भाऊजी दरवर्षी पत्रात लिहितात. ऋषीने ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बद्रीला आता दिसतंय कुठे? पुसू दे."

वहिनींनी मला एकदा त्यांच्या करंड्यातलं मेण दिलं होतं, कपाळाला आग होत नाही म्हणून. ते मला त्या वेळी आठवलं आणि तरी मी आत गेले.

तुम्हाला खोट्यात ठेवायचं नाही म्हणून लिहिलं.

तारा


आष्टी, ता. परतूर
२ डिसेंबर २०२४

श्री. वामनराव यांस,

बद्रीनाथचा रामराम. असली बुकं मिळाली. चौसष्ट मोजली, बराबर हाएत. पोच देणं आपल्यात ठरल्यालं व्हतं म्हणून कळवतो.

तारावहिनींची चिठ्ठी मिळाली. त्यांना काही बोलू नका. त्या बोलल्या तरी.

तुम्ही बुकं लावली ह्याचा मला तितका राग न्हाई. आपली दोघांची व्हती, निम्मी तुमची. मी गडी झालो, ते बी मी गिळलं असतं. शाळंत असताना तुमच्यासाठी चोर झाल्तो, तर म्हातारपणी गडी व्हायला काय जातंय. पण तुम्हाला माहीत व्हतं. तुम्हाला आठवण बी दिली अन् तरी तुम्ही पुसू दे म्हणलात. मला दिसत न्हाई म्हणून. माझं न दिसणं मी तुम्हाला दोस्त म्हणून सांगितलं व्हतं.

आठ दिवस मी असली बुकं घेऊन बसलो. वास तोच हाये. कागद तोच. रंगाच्या पानावर जिथं खरवडलं तिथं कागद जरा खरबरीत लागतो, बस. रामप्रसाद म्हणला, बाबा, आईच्या करंड्यात आजून कुंकू हाये, मेण बी हाये, आपणच लावू. मला बी पटलं. मेण लावलं, कुंकवात बोट बुडवलं, पहिलं बुक घेतलं, जग्वार. ते हिरवं मला पाठ व्हतं. दुसरं घेतलं, मर्सिडीज. अन् मला आठवंना. तपकिरी का निळा? बोट तसंच वर धरून बसलो. पन्नास वर्सं रोज बघितल्यालं, अन् आठवंना. खरवडल्याल्या जागा बी एका चौकोनावर थोड्याच हाएत, त्या येड्यानं सगळं पानच घासून काढलंय.

मंग उठलो अन् तुमची नक्कल काढली. तिच्यात दिसलं. निळा. बाजूला जरा सांडल्याला, तिचं बोट हललं आसंल तवा, तसाच्या तसा.

तुम्ही फोटो आधी काढले अन् पुसलं मागून. म्हणून तिच्या एकेचाळीस खुणा आता तुमच्या खोट्या बुकांत हाएत. सपाट हाएत, बोटाला लागत न्हाईत, पण हाएत. असल्यात ती न्हाई. हातावरचं कुंकू मी धुवून टाकलं. माझं बोट तिच्या जागी लावायला मला लाज वाटली.

तवा मी नक्कल ठेवून घेतो. मला फसवायला छापल्याली चीज मी आता जपून ठेवणार हाये. रोज सकाळी एक काढीन. ह्याचं तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या.

असली चौसष्ट परत पाठवून राह्यलो. ती आता साफसूफ हाएत, तुमच्या भिंतीलाच शोभतील. ऋषीला सांगा, पुन्यांदा लाव, माझी ना न्हाई. त्याला म्हणावं, आजोबाजवळ येऊन बसत जा. आपली जुनी पेटी मात्र माझ्याकडंच राहील. इथून फुडं ती अक्षयतृतीयेला जायची न्हाई अन् दसऱ्याला यायची न्हाई. पत्र लिहू नका. फोन बी नको.

रामप्रसाद म्हणत व्हता, मी नेऊन देतो. त्याला न्हाई म्हणलं. मी स्वतः परतूरला गेलो, पोस्टात रांगंत उभा राह्यलो अन् चार गठ्ठे रजिस्टर करून आलो. टपालाचं काम गड्याचं. पाठवणाराचं नाव माझ्या हातानं टाकलंय, इंग्रजीत, तुम्ही शिकवल्तं तसं: श्रीयुत बद्रीनाथ, जमीनदार, आष्टी. ते पाकीट बी काचंत लावा.

बद्रीनाथ